गाडी थांबते तिथवर

ज्यांच्या हातात नुकताच फुप्फुसाच्या सीटी स्कॅनचा रिपोर्ट आला आहे आणि जे रिक्षात बसूनच त्यातले शब्द मोबाइलवर शोधायला लागले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आधी तो मोबाइल खाली ठेवा. मी ठेवला नव्हता. ठाण्याहून निघाल्यापासून मी इतकं वाचलं की डोंबिवली येईपर्यंत माझं तेरावंसुद्धा उरकलं होतं.

औषधांची नावं मी सांगणार नाही, ती डॉक्टर सांगतील. मी बरी झाले असंही सांगणार नाही, कारण या आजारात ‘बरं होणं’ हा शब्द कुणी वापरत नाही. ‘स्टेबल’ म्हणतात. मी सध्या स्टेबल आहे. नाकात नळी आहे, नळीच्या दुसऱ्या टोकाला घरघरणारं ऑक्सिजनचं मशीन आहे, आणि नळी एवढी लांब घेतली आहे की मी संडासापासून बाल्कनीपर्यंत माझ्या राज्यात फिरू शकते.

*

मी शाळेत भूगोल शिकवत होते. हिमनदी डोंगर कोरत खाली येते, खड्डा पडतो, बर्फ वितळतो, सरोवर तयार होतं. हे मी फळ्यावर निळ्या खडूने इतक्या वर्षांत इतक्यांदा काढलं की डोळे मिटून काढता येईल. पण सरोवर कधी पाहिलं नव्हतं. पाहिली होती ती आमची खाडी. एकदा एका मुलीने विचारलं होतं, “बाई, तुम्ही गेलात का तिथे?” मी म्हटलं, “जाणार आहे.” तेव्हा तसं काही ठरलेलं नव्हतं.

नोकरी सोडली तेव्हा ठरवलंच. हिमाचलात, चौदा हजार फुटांवर. त्या सरोवराचं नाव लिहीत नाही. लिहिलं की लोक ‘टेक केअर’ म्हणून त्याचेच फोटो पाठवतात, आणि मला ते पुष्कळ आले आहेत. तिथे रस्ता एका उजाड मैदानात संपतो. गाड्या तिथे थांबतात. पुढे पायवाट आहे, एक टेकाड चढायचं, आणि त्याच्या मागे सरोवर. इंग्रजीत त्या मैदानाला ट्रेलहेड म्हणतात. आमच्या बिल्डिंगमधल्या दोन जोडप्यांच्या आणि आमच्या ग्रुपवर त्याचं नाव पडलं, ‘गाडी थांबते तिथे’.

प्लॅन माझा. नकाशा हातात आला की मला भूक लागत नाही. कुठल्या गावात मुक्काम, कुठे पेट्रोल मिळत नाही, दरड कुठे पडते, सगळं मी काढलं. मध्ये एक अख्खा दिवस मोकळा ठेवला होता. त्या दिवशी कुठेही जायचं नाही, खालच्या गावात बसून राहायचं, अंगाला विरळ हवेची सवय व्हायला हवी. त्यावरून सगळ्यांनी माझी खेचली. “झोपायचंच तर हिमाचलात कशाला, कोपरला काय वाईट आहे?” हे वाक्य माझ्या नवऱ्याचं.

माझा नवरा हरेश कोपरचाच, डोंबिवलीला लागून असलेल्या खाडीकाठच्या गावचा. आगरी घर. त्याच्या आजोबांची मिठागरात आणि खाजणातल्या, म्हणजे भरतीचं पाणी चढतं त्या खाऱ्या जमिनीतल्या, भातशेतीत हयात गेली. आता त्याच जमिनीवर आमची बिल्डिंग आहे आणि आम्ही सातव्या मजल्यावर. आम्ही दोघं कॉलेजात एका वर्गात होतो, त्यामुळे मला ‘अहो’ कधी जमलं नाही. सासूबाईंना ते शेवटपर्यंत खटकलं.

*

खोकला वर्षभर होता. पण डोंबिवलीत खोकला कुणाला नाही? खोदलेले रस्ते आहेत, केमिकलचा वास आहे, बांधकामं आहेत. आमच्याकडे खोकणाऱ्याला आधी हळदीचं दूध देतात, मग अडुळसा, मग शेजारीण सांगेल ते.

तयारी म्हणून दर रविवारी आम्ही सगळे मलंगगड चढायचो. सुरुवातीला मी पुढे असायचे. मग मधोमध. मग वाटेवरच्या सरबताच्या टपरीशी बसून म्हणायला लागले, “तुम्ही व्हा पुढे, मी फोटो काढते.” फोटो कसले, मी श्वास गोळा करत होते. हरेश म्हणायचा, “वैजू, वजन वाढलंय तुझं.” मीही तेच धरून चालले आणि भात सोडला. आगरी घरात भात सोडणं म्हणजे काय ते ज्याला ठाऊक त्याला ठाऊक.

एका रविवारी टपरीपर्यंतही पोचले नाही. पायरीवर बसले ती उठलेच नाही. ओठ निळे पडले होते असं हरेश नंतर म्हणाला. तो मला कसा खाली घेऊन आला ते मला नीट आठवत नाही. त्याच्या शर्टाची कॉलर माझ्या मुठीत होती, एवढंच आठवतं.

*

ठाण्यातली डॉक्टर आमच्या तेजलहून थोडीच मोठी असेल. तेजल आमची मुलगी, ठाण्यातच नोकरीला. डॉक्टरने पडद्यावर माझी फुप्फुसं उघडली आणि खालीवर सरकवून पाहिली. मग भलतेच प्रश्न सुरू केले. भिंतींना ओल आहे का? कापसाच्या गाद्या आहेत का? पक्षी पाळता?

“नाही,” मी म्हणाले.

“कबुतरं येतात?”

“कबुतरं कुठे नाहीत, मॅडम?”

“त्यांना खायला घालता?”

“छे!”

मी खोटं बोलले नाही. मला खरंच तसं वाटत होतं. शेजारी बसलेला हरेश मात्र खुर्चीत सरसावून बसला. मग तो म्हणाला, “मी घास ठेवतो. कावळ्याला. आईचा.”

“कावळा येतो?”

“आधी एक यायचा. आता नाय येत.”

“मग तो घास खातं कोण?”

हरेशने जमिनीकडे बघितलं. डॉक्टरला उत्तर मिळालं होतं. तिने समजावून सांगितलं. कबुतरांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ रोज श्वासातून आत जाते, काही जणांच्या फुप्फुसांना ती सोसत नाही, ती हळूहळू कडक होत जातात. कडक झालेला भाग पुन्हा मऊ होत नाही. उरलेला वाचवायचा प्रयत्न करायचा. “घरात सगळे तीच हवा घेतात, मग मलाच का?” मी विचारलं. “ते आम्हाला सांगता येत नाही,” ती म्हणाली. निदान खरं बोलली.

मी दुसरा प्रश्न विचारला तो सरोवराचा. तिला वाटलं मी गंमत करते आहे. नंतर तिला कळलं की नाही करत. “अशा फुप्फुसांनी एवढ्या उंचीवर नाही,” ती म्हणाली. “आता नाही, आणि मला वाटतं, पुढेही नाही.”

*

घासाचं सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला हरेश वेडा वाटेल.

सासूबाई गेल्या तेव्हा दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. खाडीच्या काठी भर उन्हात सगळी भावकी उभी. एकेक जण पुढे होऊन हात जोडत होता. “आये, तेजलचं लगीन धूमधडाक्यात करू.” “आये, देवीला बोकड देऊ.” कावळे समोरच्या झाडावर बसून बघत होते, खाली कुणी येईना. काय राहिलं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं. सासूबाईंना जुनं घर सोडायचं नव्हतं. बिल्डिंगच्या सातव्या मजल्यावर आल्यापासून त्या एकच म्हणायच्या, “मना नको यो पिंजरा.” ते वचन आता कोण देणार? घर तर पाडून झालं होतं. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि सगळे आंघोळी करून जेवायला बसले.

हरेशला ते लागलं. दुसऱ्या दिवसापासून तांदळाच्या भाकरीचा पहिला तुकडा आणि मूठभर भात तो स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, एसीच्या मशीनवर ठेवायला लागला. हात जोडायचा आणि कामावर जायचा. त्याच खिडकीशी माझा ओटा. मागून कबुतरं यायची, फडफडायची, घाण करायची, मी हाकलायचे, खराट्याने झाडायचे. आमच्या लेखी तो कावळ्याचा घास होता. कबुतरांना कोण खायला घालतं!

त्या दिवशी ठाण्याहून घरी आल्यावर हरेशने आधी बादली भरली. तोंडाला रुमाल बांधून त्याने ते एसीचं मशीन आणि खिडकीची कड घासून धुतली, एकदा धुतली, परत धुतली. मला आंबिवलीला माझ्या बहिणीकडे पाठवलं, घराला रंग दिला, गाद्या टाकल्या, सगळीकडे जाळ्या लावल्या. बहिणीकडे माझा खोकला पुष्कळ कमी झाला. मला आनंद व्हायला हवा होता. पण त्याचा अर्थ डॉक्टर बरोबर होती, आणि मी रडले.

परत आले त्या सकाळी हरेश भाकरीचा तुकडा हातात घेऊन स्वयंपाकघरात उभा होता. खिडकीला जाळी. खाली ठेवावा तर सोसायटीची नोटीस. मग तो तुकडा त्याने स्वतःच खाल्ला, माझ्याकडे पाठ करून. मी चहा गाळत राहिले.

*

जानेवारीत साधा ताप आला आणि त्याने मला ठाण्याच्या हॉस्पिटलात नेऊन टाकलं. अशा फुप्फुसांना साधं काही उरत नाही, हे लक्षात ठेवा. ताप आला की ‘बघू उद्या’ म्हणू नका.

हॉस्पिटलात पहाटे कुणीतरी दिवा लावून रक्त काढतं. मग पुसणारी बाई, मग बिनसाखरेचा चहा, कारण औषधांनी साखर चढलेली. मग डॉक्टरांची फौज येते आणि तुमच्याबद्दल तुमच्यासमोर इंग्रजीत बोलते. औषधांनी माझा चेहरा एवढा सुजला होता की तेजल आत आली आणि शेजारच्या कॉटकडे वळली. आम्ही दोघी हसलो. मग ती बाहेर जाऊन रडली, परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

भीती कशी असते ते सांगते. हवा समोर असते, तोंड उघडं असतं आणि तरी ती आत येत नाही. माणूस बाकी सगळं विसरतो. देव, मुलगी, नवरा, कुणी आठवत नाही. फक्त पुढचा श्वास. मला स्वतःची शरम वाटली होती, पण नंतर शेजारच्या कॉटवरच्या बाईंनी सांगितलं की त्यांचंही तसंच होतं. या एका वाक्याने मला जेवढं बरं वाटलं तेवढं सलाइनने वाटलं नाही. तुमच्याही शेजारी कुणी असेल तर विचारा, आणि तुमचं सांगा.

आणखी एक उपकार वॉर्डातल्या मावशींचा. त्या रोज माझी वेणी घालायच्या. नळीच्या पट्ट्याखालून केस काढून, हळू. “बाय, केस सोडू नको, केस सोडले की माणूस हरतो,” असं म्हणायच्या. त्यात शास्त्र काही नसेल. मी आजही वेणी घालते.

आणि कॉटवर पडल्या पडल्या मी काय करत होते? प्लॅन. हसू नका. सरोवर गेलं तर गेलं, निदान गाडी थांबते तिथवर जाता येईल, असं मी धरलं होतं. चालायचं नाही, उतरायचंसुद्धा नाही, काचेतून ते टेकाड बघायचं. खालच्या गावातल्या ड्रायव्हरला मी कॉटवरून फोन लावायचे. सिलिंडर मिळेल का? हॉटेलात जनरेटर आहे का? तो बिचारा म्हणायचा, “माताजी, आप आइए तो सही.” बोलता बोलता मला धाप लागायची आणि तो समजायचा की फोन कटतो आहे.

डॉक्टरने शेवटी खुर्ची ओढली आणि बसली. “मॅडम, तुम्हाला इथे बाथरूमपर्यंत चालल्यावर जे होतं ते तिथे गाडीत बसल्या बसल्या होईल. आणि तिथे मी नसेन.” मी मान हलवली. ती गेल्यावर नकाशा पुन्हा उघडला. बघण्यापलीकडे त्याचं काही करता येत नव्हतं.

घरात वेगळंच चाललं होतं. तेजल बापाशी बोलत नव्हती. एकदा माझ्यासमोरच तिचा तोल गेला. “बाबा, गेलेल्या आजीसाठी तुम्ही असलेल्या आईला…” एवढंच म्हणाली आणि थांबली. मी तिला रागावले. पण खरं सांगू? माझ्याही मनात ते वाक्य रोज यायचं, पूर्ण यायचं. मी त्याला ते कधी म्हटलं नाही. म्हटलं नाही म्हणून ते गेलं असंही नाही. त्याचाही बाकी काही दोष नव्हता, आपल्या आईला जेवायला वाढत होता. दोष द्यायलाही कुणी सापडत नाही, तेव्हा माणूस फार एकटा पडतो.

*

मी मशीन घेऊन घरी आले तेव्हा सरोवराचं बुकिंग तसंच होतं. ती दोन जोडपी माझ्यासाठी थांबली होती, आता त्यांचं सगळं ठरलं. हरेश जायला तयार नव्हता.

“तुला टाकून मी डोंगर बघू? लोक तोंडात शेण घालतील.”

“लोकांना घालू दे. तू जा. मला तिथून फोन कर आणि सांग कसं आहे ते. फोटो नको, फोटो माझ्याकडे ढीगभर आहेत. तू सांग.”

“मला नाय सांगता येत तुझ्यासारखं.”

“पाणी कुठल्या रंगाचं आहे एवढं सांग. फळ्यावर बरोबर काढत होते का बघायचंय मला.”

खरं कारण मी सांगितलं नाही. तो सारखा घरात असला की मला त्याचा चेहरा बघवत नव्हता. मशीन जरा वेगळं वाजलं की तो धावत यायचा. त्याला काहीच करता येत नव्हतं आणि तरी तो उभा असायचा. मला चार दिवस कुणाच्याही अपराधी नजरेशिवाय धाप लागू द्यायची होती. तेजल रजा घेऊन घरी आली आणि हरेश गेला.

वाटेत दरड पडली आणि त्यांचा एक दिवस गेला. तो भरून काढायला त्यांनी मोकळा ठेवलेला दिवस उडवला. हे मला कुणी कळवलं नाही. मला कळलं असतं तर मी इथून काय केलं असतं, तेही खरंच.

दुपारी फोन वाजला.

“वैजू, आलो गं. गाडी थांबते तिथे आलो.”

आवाज त्याचा नव्हता. शब्द तुटत होते. मला तो आवाज ओळखीचा होता, कारण तो माझा होता.

“बाकीचे कुठेत?”

“पुढे गेले. मी बसलोय. दगडावर. डोकं फुटतंय. दोनदा उलटी झाली.” मग नुसता श्वास ऐकू आला. “हवाच पुरत नाय गं. घेतो आणि पुरत नाय.”

मी नळी सरळ केली आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.

“वैजू, तुझं असंच होतं? रोज?”

“हो.”

तो रडायला लागला. रडायलाही श्वास लागतो, त्यामुळे ते त्याला नीट जमेना. मी कबूल करते, त्या क्षणी मला बरं वाटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणाला तरी आतून कळलं होतं. डॉक्टरला कळत नव्हतं, तेजलला कळत नव्हतं. ते सुख फार टिकलं नाही. तो पुढचा श्वास घ्यायला धडपडला आणि मी उठून उभी राहिले.

“हरेश, खाली उतर. आत्ता.”

“टेकाड समोर आहे. इतकंच आहे. त्याच्या मागेच… मी जाऊन येतो ना हळूहळू. रंग सांगतो तुला.”

“नको.”

“तुझ्यासाठीच आलोय मी.”

“मला नकोय रंग. मला ते सरोवर नकोय. फोन ड्रायव्हरला दे.”

ड्रायव्हर लाइनवर आला. मी त्याला म्हटलं, साहेबांना गाडीत घाला आणि थेट खाली न्या, बाकीच्यांना मागून घेऊन जा, वाटेत थांबू नका. त्याने आवाज ओळखला. “जी माताजी,” म्हणाला. मागे हरेश काहीतरी नाही नाही म्हणत होता. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला, मग इंजिन, मग लाइन तुटली. तेजल माझ्या खांद्याला धरून उभी होती. इतके महिने ज्या जागेसाठी मी डॉक्टरशी भांडले, तिथून मी माझ्या तोंडाने गाडी परत फिरवली होती.

संध्याकाळी खालच्या गावातून त्याचा फोन आला. आवाज मोकळा होता, त्याचा स्वतःचा.

“जादूच झाली बघ. जसजसे खाली आलो तसतसं बरं वाटत गेलं. आता चहा प्यायलो, भजी खाल्ली. फक्त खाली उतरायचं असतं गं, दुसरं काय नाय.”

“बरं झालं,” मी म्हणाले. “स्वेटर घाल.”

फोन ठेवला. त्याचं बरोबर होतं, उंचीवरच्या त्रासाला खाली उतरण्यासारखं औषध नाही. खिडकीच्या जाळीपलीकडे खाजणात भरतीचं पाणी चढत होतं. इथे कोपरला आमची जमीन खाडीच्या बरोबरीने आहे. मला उतरायला याहून खाली जागा नाही.